कावासाकी आजार: तापाच्या पहिल्या दिवसापासून ॲस्पिरिनच्या शेवटच्या गोळीपर्यंत

"ताप कधीपासून आहे?" असं विचारलं की ओपीडीत हमखास उत्तर येतं, "झाले की चार-पाच दिवस." साध्या सर्दीतापाला एवढं चालून जातं. कावासाकी आजारात मात्र चौथा दिवस की सहावा यावरून पुढचं सगळं ठरतं, आणि तो दिवस कुठल्याही रक्ततपासणीत उमटत नाही. तो फक्त घरच्यांना ठाऊक असतो.

हा लेख त्या घरच्यांसाठी आहे. डोस ठरवण्याचं काम बालरोगतज्ज्ञांचंच. पण कोणतं औषध कशासाठी चाललंय, ते चालू असताना काय बघायचं आणि घरी आल्यावर काय टाळायचं, हे आईवडिलांना नीट कळलं तर उपचार खूप सुरळीत होतात.

आजाराची ओळख थोडक्यात. लहान मुलांच्या मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना अचानक सूज येते. त्यातही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांना धोका सगळ्यात जास्त. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले, मुलींपेक्षा मुलगे जास्त. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी पहिला रुग्ण १९६१ मध्ये टोकियोत पाहिला आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. जपानमध्ये हा आजार जगात सर्वाधिक आढळतो, पण आपल्याकडे तो दुर्मीळ आहे असं समजायचं कारण नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयाने भारतातल्या शेकडो मुलांवर कित्येक वर्षं काम केलं आहे. आजाराचं मूळ कारण अजून सापडलेलं नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे भावंडांना वेगळं ठेवायची गरज नसते.

उपचार न मिळाल्यास साधारण २० ते २५ टक्के मुलांच्या करोनरी धमन्यांना फुगे येतात. वेळेत औषध मिळालं तर हे प्रमाण ४-५ टक्क्यांपर्यंत खाली येतं. औषधाची सगळी धडपड या फुग्यांसाठी आहे. ताप तर औषध न देताही दोनेक आठवड्यांत आपोआप जातो, आणि घोटाळा तिथेच होतो. ताप गेला म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि धमनी मात्र आतून फुगत राहते.

पहिलं काम: तारीख आणि फोटो

ज्या दिवशी ताप सुरू झाला तो पहिला दिवस. तारीख केसपेपरच्या मागे लिहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मोबाइलमध्ये टाका, पण लिहा. रोज दोन-तीनदा थर्मामीटर लावून आकडा नोंदवा. "अंग गरम लागत होतं" या वाक्याचा डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही.

तापासोबत ज्या खुणा शोधायच्या त्या पाच आहेत. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. डोळे आले की सकाळी पापण्या चिकटतात, तसं इथे होत नाही. ओठ लालभडक, फुटलेले, कधी रक्त येणारे, आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार लाल. अंगावर पुरळ, लंगोटाच्या जागी जरा जास्तच. तळहात-तळपाय लाल आणि सुजलेले, इतके की नेहमीची चप्पल पायात जात नाही. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ. पाच दिवस ताप आणि यातल्या चार खुणा जुळल्या, तर कावासाकीचं निदान पक्कं धरतात. अनुभवी डॉक्टर त्याआधीही निदान करतात.

अडचण अशी की या खुणा एकाच दिवशी रांगेत उभ्या राहत नाहीत. पुरळ दुसऱ्या दिवशी येऊन चौथ्या दिवशी गेलेलं असतं, डोळे तोवर लाल झालेलेच नसतात. म्हणून रोज फोटो काढा: डोळे, ओठ, तळवे, पाठ. "परवा पुरळ होतं, आता गेलं" हे आवर्जून सांगा. गेलेली खूणही मोजली जाते.

आणखी दोन गोष्टी पाचांच्या यादीत नाहीत, पण आपल्याकडे फार कामाच्या आहेत. एक, मूल विलक्षण किरकिरं होतं. कडेवर घ्या, झोपाळ्यावर घाला, पोर गप्प होत नाही. दुसरी, डाव्या दंडावरची बीसीजीची खूण अचानक लाल होऊन सुजते. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचतात, त्यामुळे तान्ह्या बाळाला ताप असताना बाही वर करून तो व्रण बघणं हे घरी करता येण्यासारखं आहे. व्रण पेटला असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा. (नखांच्या कडेने कातडी सुटणं ही प्रसिद्ध खूण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. तिची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो.)

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत या खुणा अर्धवटच दिसतात आणि धमन्यांना धोका सर्वांत जास्त. अशा बाळाला सात दिवस ताप असेल आणि कारण सापडत नसेल, तर बाकी काही दिसत नसलं तरी रक्ततपासणी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायलाच हवा.

तपासण्या आणि त्यातले चकवे

कावासाकीची म्हणून एक तपासणी नाही. अंगातली सूज दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या, म्हणजे सीआरपी ३० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आणि ईएसआर ४० च्या वर, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घसरलेलं, यकृताचं एन्झाइम वर, असं चित्र एकत्र पाहिलं जातं. प्लेटलेट पहिल्या आठवड्यात साध्या असतात आणि दुसऱ्या आठवड्यात साडेचार लाखांच्या वर जातात. पावसाळ्यात आपण सगळे डेंग्यूच्या धास्तीने प्लेटलेट उतरताहेत का ते बघत असतो. इथे त्या चढतात, आणि चढलेला आकडा पाहून नातेवाईक खूश होतात.

खरा चकवा लघवीच्या रिपोर्टमध्ये असतो. लघवीत पांढऱ्या पेशी दिसतात, "युरिन इन्फेक्शन" असं निदान होतं, अँटिबायोटिक सुरू होतं. तीन दिवसांनी ताप तसाच, मग वरचं अँटिबायोटिक. त्यात पुरळ उठलं तर "औषधाची ॲलर्जी". एव्हाना आठवडा गेलेला असतो. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत आणि अँटिबायोटिकने ताप हलत नाही, तर "डॉक्टर, कावासाकी असू शकेल का?" असं सरळ विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. पुरळाला "गोवर निघालाय, आपोआप बरा होईल" म्हणून घरीच थांबणं हा उशिराचा दुसरा रस्ता.

इको पहिल्यांदा नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं होत नाही. पहिल्या आठवड्यात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो. इकोच्या रिपोर्टवर झेड-स्कोअर आहे का ते पाहा. मुलाच्या अंगलटीच्या मानाने धमनी किती रुंद आहे, ते हा आकडा सांगतो. २ च्या आत असेल तर ठीक, २.५ पासून पुढे फुगा धरतात, १० किंवा जास्त म्हणजे मोठा फुगा. रिपोर्टवर नुसतं "करोनरीज नॉर्मल" लिहिलेलं असेल, तर मापं लिहून मागा. पुढच्या इकोशी ताडून बघायला तीच लागतात.

आयव्हीआयजी: मुख्य औषध

हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) म्हणजे आयव्हीआयजी. ते शिरेतून, सलाईनसारखं देतात. प्रमाण ठरलेलं आहे: वजनाच्या प्रत्येक किलोला २ ग्रॅम, एकाच वेळी, १० ते १२ तासांत. पूर्वी हे औषध चार दिवसांत विभागून देत. एकदम दिलेला डोस जास्त चांगला लागू पडतो, हे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. तापाच्या दहाव्या दिवसाच्या आत, शक्यतो सातव्याच्या आत ते सुरू व्हावं. दहा दिवस उलटून गेले पण ताप चालूच आहे, किंवा धमन्यांत बदल दिसताहेत आणि सीआरपी चढलेला आहे, तरीही ते देतात. "आता उशीर झाला, काही उपयोग नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

हिशेब सोपा आहे. १० किलोच्या बाळाला २० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चार बाटल्या. औषध महाग आहे आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. त्यामुळे कावासाकीची शंका आल्याबरोबर, निदान पक्कं व्हायच्या आधीच विचारून ठेवा: इथे उपलब्ध आहे का, नसेल तर कुठे पाठवणार, खर्च किती. पैशांची अडचण असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कुठे भरायचा ते विचारा. ही धावपळ एकाने करायची आणि दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं. बाटल्या बाहेरून आणायच्या असतील तर थंड ठेवायच्या की नाही ते लेबलवर बघा आणि बिल जपून ठेवा.

औषध लावण्याआधी तीन गोष्टी होऊ द्या. मुलाचं वजन त्याच दिवशी पुन्हा करून घ्या. घरच्या अंदाजावर डोस नको. रक्ताचे नमुने आधी काढून घ्या, कारण परक्या प्रतिपिंडांमुळे नंतरच्या प्रतिपिंड तपासण्या फसव्या येतात. आणि हृदय कमजोर आहे का ते इकोत कळू द्या. ५ टक्क्यांच्या द्रावणात २० ग्रॅम म्हणजे ४०० मिलिलिटर पाणी, एवढ्या बाळाला ते थोडं नाही. हृदय थकलेलं असेल तर वेग कमी ठेवतात.

प्रत्यक्षात असं चालतं. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ देतात, हलवत नाहीत, कारण फेस होतो. पहिला अर्धा तास थेंब अगदी संथ. सिस्टर दर काही मिनिटांनी ताप, नाडी, रक्तदाब बघतात आणि मग वेग वाढवतात. प्रत्येक बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर काढून केसपेपरवर चिकटवतात. ते चिकटवलं ना, एवढं बघा. थंडी वाजून अंग थरथरलं, पुरळ उठलं, श्वास लागला, चेहरा पांढरा पडला तर लगेच हाक मारा. बहुतेक वेळा वेग कमी केला किंवा थोडा वेळ थांबवलं की भागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकेदुखी, उलट्या होऊ शकतात. पुढच्या आठवड्यात मूल पिवळं किंवा फिकट दिसायला लागलं, लघवी गडद झाली तर कळवा. ए, बी आणि एबी रक्तगटाच्या मुलांत या औषधाने कधीकधी लाल पेशी फुटतात. आणि हो, आयव्हीआयजीनंतर ईएसआर औषधामुळेच वाढतो. तो आकडा पाहून घाबरू नका, सीआरपीकडे बघा.

काही मुलांना सुरुवातीलाच याच्या जोडीला आणखी एक औषध, बहुधा स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब (त्याबद्दल पुढे), देतात. पहिल्याच इकोत झेड-स्कोअर २.५ किंवा जास्त असलेली आणि सहा महिन्यांच्या आतली बाळं यात येतात.

ॲस्पिरिन: दोन डोस, दोन कामं

ॲस्पिरिनचं नाव ऐकून आजी-आजोबा दचकतात, "ते तर हार्टवाल्यांचं औषध." त्यांचं खरंच आहे, पण अर्धंच. ताप असताना ते मोठ्या डोसमध्ये सूज आणि ताप उतरवायला देतात: किलोमागे दिवसाला ३० ते ५० मिलिग्रॅम, किंवा काही ठिकाणी ८० ते १००, चार वेळा विभागून. ताप जाऊन ४८ ते ७२ तास झाले की डोस एकदम खाली येतो, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. हा छोटा डोस प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट वाढलेल्या असतात आणि धमनीचं अस्तर सुजलेलं असतं, तेव्हा गुठळी व्हायला वेळ लागत नाही. मोठ्या डोसमुळे फुगे कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी मधला डोस निवडला तर त्यांनी काही कमी केलं असं वाटून घेऊ नका. फुग्यांपासून वाचवतं ते आयव्हीआयजी.

घरी जायच्या दिवशी हा छोटा डोस हातात पडतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. १० किलोच्या बाळाला ३० ते ५० मिलिग्रॅम हवं, गोळी मिळते ७५ ची. म्हणजे अर्धी. पण दुकानात मिळणाऱ्या ७५ च्या बऱ्याच गोळ्यांवर पोट जपणारं आवरण असतं, आणि तोडली की ते आवरण गेलं. म्हणून डिस्चार्जच्या आधी तीन प्रश्न विचारा: नेमकी कोणती गोळी, अर्धी कशी करायची, पाण्यात विरघळवायची की नाही. सिस्टरकडून एकदा समोर करून घ्या. गोळी काही खाल्ल्यावर द्यायची, रोज ठरलेल्या वेळी. काळी शी, रक्ताची उलटी, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

ॲस्पिरिन चालू असताना आयबुप्रोफेन द्यायचं नाही, ते प्लेटलेटवरचं ॲस्पिरिनचं काम अडवतं. आपल्याकडे तापाची बरीच सिरप पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली असतात, आणि मेफेनॅमिक ॲसिडचं सिरपही घरोघरी असतं. फ्रिजच्या दारातल्या बाटल्या बाहेर काढून लेबलं वाचा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आणि तेही आकडा लिहून ठेवल्यावर. तो ताप कावासाकीचाच परत आलेला असू शकतो.

फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन मिळालं तर राय सिंड्रोम नावाचा, मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा आजार होऊ शकतो. तो विरळा आहे, पण जीवघेणा. घरात, बालवाडीत, चाळीत कुणाला कांजिण्या निघाल्या किंवा फ्लू झाला की मुलाला लक्षणं दिसायच्या आधीच डॉक्टरांना फोन करा. ते ॲस्पिरिन थांबवून दुसरं औषध देऊ शकतात. सतत उलट्या आणि गुंगी किंवा विचित्र वागणं दिसलं तर थेट दवाखाना. सहा महिन्यांवरच्या मुलाला आणि घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस टोचून घेणं उत्तम.

स्वतःहून मात्र गोळी बंद करायची नाही. मूल पळतंय, खेळतंय, मग कशाला औषध, असं तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच.

३६ तासांचा हिशेब

आयव्हीआयजीची शेवटची बाटली संपली ती वेळ लिहून ठेवा. सुरू झाल्याची वेळ वेगळी, संपल्याची वेगळी. संपल्यानंतर ३६ तासांनीही ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा गेलेला ताप आठवड्याच्या आत परत आला, तर पहिला डोस पुरला नाही असं मानतात. १० ते २० टक्के मुलांत असं होतं. यात कुणाची चूक नसते. ३६ तासांच्या आधीचा ताप मात्र औषधाचाही असू शकतो, त्यामुळे दहाव्या तासाला घाबरून जाऊ नका.

पुढचे पर्याय: आयव्हीआयजीचा दुसरा डोस, इन्फ्लिक्सिमॅब, किंवा स्टिरॉइड. इन्फ्लिक्सिमॅब हे सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या रसायनाला रोखतं. किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, एकदाच, सुमारे दोन तासांत शिरेतून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत दुसऱ्या आयव्हीआयजीपेक्षा याने ताप लवकर उतरला. आपल्याकडे याआधी एक प्रश्न महत्त्वाचा: घरात कुणाला टीबी आहे किंवा होता का? लाजेने लपवू नका. झाकलेला टीबी या औषधाने उघडा पडू शकतो.

स्टिरॉइड शिरेतून सुरू होऊन मग तोंडावाटे प्रेडनिसोलोन दिलं, तर ते टप्प्याटप्प्याने कमी करत आणतात. तारखेनुसार किती गोळ्या हे कागदावर लिहून घ्या आणि मधेच बंद करू नका. भूक वाढते, गाल भरतात, रक्तदाब चढू शकतो, मूल चिडचिडं होतं. औषध उतरत गेलं की हे मावळतं.

घरी आल्यावर: इको आणि लसी

इको निदानाच्या वेळी, मग एक-दोन आठवड्यांनी, मग चार ते सहा आठवड्यांनी. धमनी फुगलेली असेल तर सुरुवातीला आठवड्यातून दोनदाही. लहान बाळ झोपलेलं असेल तर मापं नीट मिळतात, म्हणून झोपेचं औषध द्यावं लागू शकतं. आधी उपाशी ठेवायचं का ते विचारून जा. चार ते सहा आठवड्यांनंतरचा हा इको स्वच्छ असेल तर ॲस्पिरिन थांबतं आणि खेळण्या-पळण्यावर काही बंधन राहत नाही.

लसींचं वेळापत्रक नव्याने मांडावं लागतं. आयव्हीआयजीमधल्या प्रतिपिंडांमुळे गोवर-रुबेला, एमएमआर आणि कांजिण्यांची लस नीट लागू पडत नाही, म्हणून त्या ११ महिने पुढे ढकलतात. आयव्हीआयजीच्या आधीच्या दोन आठवड्यांत यातली एखादी टोचली असेल तर तीही पुन्हा घ्यावी लागते. गोवराची साथ आली तर डॉक्टर लस आधी देऊन नंतर परत देतात. बाकीच्या निष्क्रिय लसी वेळेवर. इन्फ्लिक्सिमॅब किंवा स्टिरॉइड मिळालं असेल तर तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या डोससकट सगळ्या जिवंत लसींबद्दल आधी विचारा. अंगणवाडीच्या सेविकेला आणि आशाताईंना हे माहीत असेलच असं नाही. लसीकरण कार्डाच्या पहिल्या पानावर आयव्हीआयजीची तारीख लाल पेनने लिहा.

ज्यांच्या धमनीत फुगा राहतो त्यांचा रस्ता लांबचा. छोटा फुगा असेल तर ॲस्पिरिन चालू राहतं. लहान आणि मध्यम फुगे वर्ष-दोन वर्षांत आकाराने आटोक्यात येतात, असं पुष्कळदा घडतं. मोठ्या फुग्यात ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं. वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये राखावा लागतो, त्यासाठी वरचेवर रक्त द्यावं लागतं, आणि पालेभाज्या एक दिवस भरपूर तर दुसऱ्या दिवशी अजिबात नाही असं चालत नाही. कबड्डी, कुस्ती, धडकाधडकीचे खेळ बंद. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी सांगून ठेवा.

अशा मुलाच्या छातीत दुखलं, ते घामाघूम झालं, चक्कर येऊन पडलं, तर थेट हृदयरोगाची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. बोलता न येणाऱ्या बाळात हेच अचानक पांढरं पडणं, उलट्या, दूध न ओढणं आणि न थांबणारं रडणं असं दिसतं. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "पोटात दुखतंय बहुतेक" असं नको. "याला कावासाकी झाला होता, करोनरीत फुगा आहे" एवढं सांगा आणि शेवटच्या इकोचा कागद हातात द्या. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या.